ब्रेन ट्यूमरच्या ऑपरेशनमध्ये नक्की काय होतं? कॅन्सरच्या गाठीवर सर्जरीचा उपयोग किती, मर्यादा कुठे आणि कोणती टेक्नॉलॉजी वापरतात? संपूर्ण माहिती

घरातल्या कोणाचा तरी एमआरआय होतो, रिपोर्टवर 'ग्लायोमा' किंवा 'हाय ग्रेड' असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि अर्ध्या तासात तो रिपोर्ट फॅमिली ग्रुपवर फिरायला लागतो. मग सल्ले सुरू होतात. कोणी म्हणतं, "लगेच ऑपरेशन करून टाका." कोणी म्हणतं, "डोक्याला हात लावू नका, हवा लागली की पसरतं." मोडनिंबसारख्या गावात हा गोंधळ जास्त जाणवतो, कारण मेंदूचा सर्जन काही गावात बसलेला नसतो. सोलापूरला जायचं, बार्शीला जायचं, पुण्याला जायचं की थेट मुंबई गाठायची, इथूनच प्रश्न सुरू होतात. आणि बऱ्याचदा हे सगळं गुगल करण्याची जबाबदारी घरातल्या सगळ्यात तरुण पोरावर किंवा पोरीवर येते. हा लेख त्यांच्यासाठी.

चला, एकेक मुद्दा नीट समजून घेऊया.

## आधी बेसिक: 'मॅलिग्नंट' ब्रेन ट्यूमर म्हणजे काय?

मेंदूत किंवा मेंदूच्या आवरणात पेशींची जी अनावश्यक वाढ होते तिला ट्यूमर म्हणजेच गाठ म्हणतात. प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. मेनिन्जिओमा नावाची गाठ बहुतेक वेळा साधी असते, हळू वाढते आणि मेंदूपासून वेगळी करता येते. मॅलिग्नंट गाठ मात्र वेगाने वाढते आणि आजूबाजूच्या चांगल्या मेंदूत घुसते.

ढोबळमानाने दोन प्रकार लक्षात ठेवा:

- मेंदूतच सुरू झालेल्या गाठी: यात ग्लायोमा हा मोठा गट आहे. त्यातली सगळ्यात आक्रमक गाठ म्हणजे ग्लायोब्लास्टोमा. लहान मुलांमध्ये मेड्युलोब्लास्टोमा ही महत्त्वाची कॅन्सरची गाठ आहे.
- दुसरीकडून आलेल्या गाठी: फुप्फुस, स्तन अशा अवयवांचा कॅन्सर रक्तावाटे मेंदूत पोचतो. याला मेटास्टॅसिस म्हणतात.

जागतिक आरोग्य संघटना मेंदूच्या गाठींना १ ते ४ अशी ग्रेड देते. ग्रेड ४ सगळ्यात आक्रमक. २०२१ च्या वर्गीकरणापासून नुसतं मायक्रोस्कोपखाली गाठ कशी दिसते यावर भागत नाही. अनेक गाठींचं नाव आणि ग्रेड ठरवताना पेशीतल्या जनुकांमधले बदलही बघावे लागतात. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण ऑपरेशनशी त्याचा थेट संबंध आहे.

## सर्जरी नक्की कशासाठी करतात?

बऱ्याच जणांना वाटतं, ऑपरेशन म्हणजे गाठ काढली आणि विषय संपला. मेंदूच्या कॅन्सरमध्ये तसं होत नाही. इथे सर्जरीची चार वेगवेगळी कामं आहेत.

१. गाठ कसली आहे हे पक्कं करणं

एमआरआय म्हणजे शेवटी एक चित्र. त्यावरून चांगला अंदाज येतो, पण काही वेळा क्षयाची गाठ, जंतुसंसर्गातून झालेला पू किंवा लिम्फोमा हे सगळं कॅन्सरसारखंच दिसू शकतं. आपल्याकडे टीबी भरपूर असल्यामुळे ही शक्यता डॉक्टर कायम डोक्यात ठेवतात. गाठीचा तुकडा लॅबमध्ये गेल्याशिवाय पक्कं निदान होत नाही. आणि त्याच तुकड्यावर आयडीएच, एमजीएमटी अशा टेस्ट होतात. आयडीएच जनुकातला बदल गाठीचा प्रकारच ठरवतो. एमजीएमटी टेस्टवरून टेमोझोलोमाइड हे केमोचं औषध किती काम करेल याचा अंदाज येतो.

२. दाब कमी करणं

कवटी म्हणजे एक बंद पेटी. आत मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचं पाणी, एवढंच मावतं. चौथी वस्तू आत वाढायला लागली की दाब वाढतो. सकाळी उठल्याबरोबर डोकं दुखणं, उलट्या, धूसर दिसणं, सारखी गुंगी ही दाब वाढल्याची लक्षणं असू शकतात. दाब फार वाढला तर मेंदूचा भाग खाली सरकून श्वासाचं केंद्र दाबलं जातं आणि जीव जाऊ शकतो. अशा वेळी गाठीचा मोठा भाग काढणं हाच जीव वाचवण्याचा मार्ग असतो. सूज उतरवण्यासाठी आधी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात. त्याने दोन-तीन दिवसांत पेशंट एकदम बरा वाटायला लागतो. इथेच अनेक घरं फसतात. "औषधाने फरक पडला, आता ऑपरेशन कशाला?" असं म्हणून ते परत जातात. पण स्टेरॉइडने सूज उतरते, गाठ तिथेच असते.

३. कॅन्सरच्या पेशींची संख्या कमी करणं

साधारण हिशोब असा सांगतात की १ ग्रॅम गाठीत सुमारे १ अब्ज पेशी असतात. समजा गाठ ५० ग्रॅमची आहे. सर्जनने त्यातला ९९ टक्के भाग काढला, तरी अर्धा ग्रॅम म्हणजे सुमारे ५० कोटी पेशी मागे राहतात. म्हणजे ऑपरेशन वाया गेलं का? अजिबात नाही. ५० अब्ज पेशींशी लढण्यापेक्षा ५० कोटींशी लढणं रेडिएशन आणि केमोला केव्हाही सोपं. पण नुसत्या ऑपरेशनवर थांबून का चालत नाही, तेही याच हिशोबातून कळतं.

४. पुढच्या उपचारांसाठी शरीर तयार करणं

दाब उतरला, फिट कमी झाल्या, स्टेरॉइडचा डोस खाली आला की पेशंट सहा आठवड्यांचं रेडिएशन झेलू शकतो. नाहीतर उपचार अर्धवट सुटण्याची भीती असते.

## मग गाठ मुळापासून का काढून टाकत नाहीत?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. याचं उत्तर जवळपास शंभर वर्षांपूर्वीच मिळालं होतं.

१८८४ मध्ये लंडनमध्ये रिकमन गॉडली या सर्जनने मेंदूतला ग्लायोमा काढला. हे या प्रकारचं पहिलं गाजलेलं आधुनिक ऑपरेशन. पेशंट महिनाभराच्या आतच मेंदूच्या आवरणाला संसर्ग होऊन गेला. पुढे १९२८ मध्ये अमेरिकेतल्या वॉल्टर डँडी यांनी टोकाचा प्रयोग केला. ग्लायोमा असलेल्या आणि अगोदरच अर्धांगवायू झालेल्या काही पेशंटच्या मेंदूचा उजवा अर्धा भागच त्यांनी काढून टाकला. तरीही कॅन्सर परत आला.

कारण काय? ग्लायोमाच्या पेशी मेंदूच्या तंतूंवरून सरपटत दूरवर जातात. एमआरआयमध्ये गाठीची जी कड दिसते तिच्या पलीकडेही त्या पसरलेल्या असतात. शेतातली हरळी आठवा. वरचं गवत काढलं तरी काश्या मातीत लांबवर गेलेल्या असतात. पोटातली गाठ काढताना सर्जन भोवतालचा दोन बोटं चांगला भागही सोबत काढू शकतो. मेंदूत ती चैन परवडत नाही. तिथला एक सेंटिमीटर म्हणजे कोणाचा उजवा हात, कोणाचं बोलणं.

म्हणून आजचं तत्त्व असं आहे: शक्य तेवढी जास्त गाठ काढायची, पण माणसाचं हलणं, बोलणं, बघणं सांभाळून. डॉक्टर याला 'मॅक्सिमल सेफ रिसेक्शन' म्हणतात. यातला 'सेफ' हा शब्द 'मॅक्सिमल'इतकाच महत्त्वाचा आहे.

## जास्त गाठ काढल्याने खरंच फरक पडतो का?

पडतो. काही ठळक अभ्यास बघा:

- २००१, अमेरिका: ग्लायोब्लास्टोमाच्या ४१६ पेशंटच्या अभ्यासात, ९८ टक्के किंवा जास्त गाठ काढलेल्यांचं मध्यम आयुष्य १३ महिने होतं. त्यापेक्षा कमी काढलेल्यांचं ८.८ महिने.
- २०११, अमेरिका: ५०० पेशंटच्या अभ्यासात ७८ टक्के गाठ काढल्यापासूनच फायदा दिसायला लागला. जितकी जास्त काढली तितका फायदा वाढला.
- १९९०, अमेरिका: दुसरीकडून मेंदूत आलेली एकच गाठ असलेले ४८ पेशंट. ऑपरेशन आणि रेडिएशन दोन्ही मिळालेल्यांचं मध्यम आयुष्य ४० आठवडे, फक्त रेडिएशन मिळालेल्यांचं १५ आठवडे.
- २००५, युरोप आणि कॅनडा: ग्लायोब्लास्टोमाच्या ५७३ पेशंटमध्ये रेडिएशनसोबत टेमोझोलोमाइड दिल्यावर मध्यम आयुष्य १२.१ वरून १४.६ महिन्यांवर गेलं. दोन वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण १०.४ वरून २६.५ टक्के झालं.

'मध्यम' म्हणजे निम्मे लोक त्यापेक्षा कमी जगले आणि निम्मे जास्त. तुमच्या घरातल्या माणसाचा तो कालावधी नव्हे. आणि हे आकडे सगळ्यात आक्रमक गाठींचे आहेत. ऑलिगोडेंड्रोग्लायोमासारख्या गाठीत पेशंट दहा-दहा वर्षं आणि त्याहून जास्त जगतात. मेड्युलोब्लास्टोमाची बरीच मुलं ऑपरेशन, रेडिएशन आणि केमो पूर्ण केल्यावर मोठी होऊन शाळा-कॉलेजात जातात. म्हणून गाठीचं नेमकं नाव कळायच्या आधी आकडे शोधून घाबरू नका.

## ऑपरेशनमधली टेक्नॉलॉजी

न्यूरोनेव्हिगेशन: मेंदूचं जीपीएस

ऑपरेशनआधी काढलेला एमआरआय कॉम्प्युटरमध्ये टाकतात. पेशंटच्या डोक्यावरचे ठरावीक बिंदू आणि स्क्रीनवरचे बिंदू जुळवतात. सर्जनच्या हातातल्या अवजारावर छोटे चमकदार गोळे बसवलेले असतात आणि इन्फ्रारेड कॅमेरा ते टिपत राहतो. अवजाराचं टोक मेंदूत नक्की कुठे आहे हे स्क्रीनवर लाइव्ह दिसतं. त्यामुळे कवटी नेमकी कुठे आणि किती उघडायची हे ठरतं.

पण याची एक मोठी अडचण आहे. फोनवरचा नकाशा जुना असेल आणि पावसात रस्ताच वाहून गेला असेल, तर मॅप सरळ जायला सांगतो आणि समोर ओढा लागतो. इथेही तेच. कवटी उघडली, पाणी वाहून गेलं, थोडी गाठ निघाली की मेंदू जागेवरून सरकतो. याला 'ब्रेन शिफ्ट' म्हणतात. सकाळचा एमआरआय दुपारी चुकीचा ठरू शकतो.

ऑपरेशन चालू असताना सोनोग्राफी आणि एमआरआय

यावर उपाय म्हणजे नकाशा मध्येच अपडेट करणं. काही मोजक्या हॉस्पिटलांत ऑपरेशन थिएटरलाच एमआरआय जोडलेला असतो. तो उत्तम, पण फार महाग. दुसरा मार्ग म्हणजे सोनोग्राफी. गरोदरपणात पोटावर वापरतात तेच तत्त्व. प्रोब थेट मेंदूवर ठेवला की उरलेली गाठ दिसते. ही सोनोग्राफी नेव्हिगेशनशी जोडली की ताजा थ्रीडी नकाशा मिळतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरमधल्या डॉ. अलीअसगर मोईयादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीवर बरंच संशोधन प्रसिद्ध केलं आहे. कमी खर्चात मिळणारी ताजी माहिती आपल्यासारख्या देशात फार कामाची ठरते.

चमकणारी गाठ

ऑपरेशनच्या साधारण तीन तास आधी पेशंटला ५-एएलए नावाचं औषध पाण्यातून प्यायला देतात. आक्रमक ग्लायोमाच्या पेशी त्याचं एका चमकणाऱ्या द्रव्यात रूपांतर करतात. मायक्रोस्कोपचा निळा प्रकाश लावला की गाठ गुलाबी-लाल चमकते आणि चांगला मेंदू निळसर राहतो. साध्या प्रकाशात दोन्हींचा रंग जवळपास सारखाच दिसतो, म्हणून याची किंमत कळते. २००६ च्या जर्मनीतल्या अभ्यासात या औषधाने ६५ टक्के पेशंटची एमआरआयवर दिसणारी गाठ पूर्ण निघाली. साध्या प्रकाशात हे प्रमाण ३६ टक्के होतं. औषध घेतल्यावर एक दिवस उन्हापासून आणि प्रखर लाइटपासून जपावं लागतं.

जागेपणी ऑपरेशन

ऐकायला भयंकर वाटतं, पण मेंदूला स्वतःला वेदना कळत नाहीत. त्वचा आणि कवटीची जागा बधिर केलेली असते. गाठ बोलण्याच्या किंवा हालचालीच्या केंद्राजवळ असेल तर ऑपरेशनच्या मधल्या टप्प्यात पेशंटला जागं ठेवतात. चित्रं दाखवून नावं विचारतात, आकडे मोजायला लावतात, हात हलवायला सांगतात. त्याच वेळी सर्जन मेंदूच्या त्या जागेला अगदी सौम्य करंट देतो. पेशंट अडखळला तर ती जागा सोडायची.

८,०९१ पेशंटच्या माहितीचा २०१२ मध्ये एकत्रित अभ्यास झाला. करंट देऊन मेंदूचा असा नकाशा काढला तिथे कायमचं गंभीर अपंगत्व ३.४ टक्के पेशंटना आलं. जिथे काढला नाही तिथे ८.२ टक्के. आणि गाठही जास्त निघाली.

यात आपल्यासाठी एक खास मुद्दा आहे. दोन भाषा बोलणाऱ्यांच्या मेंदूत त्या दोन भाषांच्या जागा थोड्या वेगळ्या असू शकतात. म्हणून घरात मराठी, कामावर हिंदी, किंवा सोलापूरकडच्या अनेक घरांसारखी घरात कन्नड किंवा तेलुगू बोलली जात असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. ज्या भाषेत माणूस घरात भांडतो, हसतो, हिशोब करतो, ती भाषा तपासली गेली पाहिजे.

एआय कुठे आलं?

गाठीच्या डीएनएवरच्या रासायनिक खुणा वाचून तिचा प्रकार ओळखणारी कॉम्प्युटर प्रणाली २०२३ मध्ये नेदरलँड्समध्ये ऑपरेशन चालू असताना वापरून बघितली. २५ ऑपरेशनांत उत्तर दीड तासाच्या आत मिळालं. त्यातली १८ निदानं बरोबर निघाली, बाकीच्यांत प्रणालीला पुरेशी खात्री नव्हती. ही रोजच्या वापरातली गोष्ट अजून झालेली नाही. आणि हो, चॅटबॉटला एमआरआयचा फोटो टाकून ऑपरेशन करायचं की नाही हे ठरवू नका.

## ऑपरेशन कधी करत नाहीत?

प्रत्येक कॅन्सरच्या गाठीवर मोठं ऑपरेशन योग्य नसतं.

- मेंदूच्या देठात पसरलेली गाठ: श्वास आणि हृदयाच्या ठोक्यांचं नियंत्रण तिथूनच होतं. लहान मुलांमध्ये पसरट वाढणारी अशी गाठ काढत नाहीत. फार तर बारीक तुकडा घेतात.
- लिम्फोमा: ही गाठ काढून बहुतेक वेळा फायदा नसतो. सुईने तुकडा काढून निदान करतात आणि मग केमो देतात. लिम्फोमाचा संशय असेल तर डॉक्टर शक्यतो बायोप्सीआधी स्टेरॉइड टाळतात, कारण स्टेरॉइडने गाठ तात्पुरती विरघळून निदानच चुकू शकतं.
- खूप खोल किंवा दोन्ही बाजूंना पसरलेली गाठ: इथे नेव्हिगेशनच्या मदतीने छोट्या छिद्रातून सुई घालून बायोप्सी करतात.
- पेशंटची तब्येत: वय खूप, हृदय कमजोर, अंथरुणाला खिळलेला माणूस. अशा वेळी ऑपरेशनचा त्रास फायद्यापेक्षा मोठा ठरू शकतो. "ऑपरेशन नको" हाही विचार करून दिलेला वैद्यकीय सल्ला असू शकतो. त्याचा अर्थ डॉक्टरांनी हात वर केले असा नाही.

## ऑपरेशननंतर काय?

ऑपरेशनला साधारण काही तास लागतात. नंतर एक-दोन दिवस आयसीयू. किती गाठ राहिली हे बघण्यासाठी शक्यतो ४८ ते ७२ तासांत पुन्हा एमआरआय करतात. त्यापेक्षा उशीर झाला तर ऑपरेशनमुळे झालेले बदल आणि उरलेली गाठ यांत फरक करणं अवघड जातं.

धोकेही माहीत हवेत: रक्तस्राव, संसर्ग, फिट, पायात रक्ताची गाठ, एका बाजूची कमजोरी, बोलण्यात अडथळा. यातली काही कमजोरी सुजेमुळे असते आणि काही आठवड्यांत सुधारते, काही कायम राहते. मेड्युलोब्लास्टोमाच्या ऑपरेशननंतर काही मुलं काही दिवस किंवा आठवडे बोलायचीच बंद होतात. आधी माहीत नसेल तर आईबाप हादरून जातात. बोलणं बहुतेकदा परत येतं, पण फिजिओथेरपी आणि स्पीच थेरपीला वेळ द्यावा लागतो.

ग्लायोब्लास्टोमात साधारण ३ ते ६ आठवड्यांनी रेडिएशन सुरू होतं. ठरलेला कोर्स ६० ग्रे, ३० वेळा, म्हणजे आठवड्यातून पाच दिवस असे सहा आठवडे. सोबत टेमोझोलोमाइडच्या गोळ्या. वयस्कर पेशंटसाठी तीन आठवड्यांचा छोटा कोर्सही असतो.

ऑपरेशनला पैसे जमवणारं घर बऱ्याचदा इथेच मोडतं. सहा आठवडे शहरात राहायचं कुठे, जनावरं कोण बघणार, मुलांच्या शाळेचं काय? म्हणून रेडिएशनचं नियोजन ऑपरेशनच्या आधी करा. जिथे ऑपरेशन झालं तिथेच रेडिएशन घ्यायला हवं असं नाही. जवळच्या केंद्रावर होईल का, हे पहिल्याच भेटीत विचारा.

## मोडनिंबहून जायचं कुठे?

मोडनिंब पुणे-सोलापूर महामार्गावर आहे आणि कुर्डुवाडी-पंढरपूर रेल्वेमार्गावरही, त्यामुळे दोन्ही दिशांना जाता येतं.

- सोलापूर: डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल. अचानक बिघडलेल्या पेशंटला आधी स्थिर करणं महत्त्वाचं असतं.
- बार्शी: नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल. आपल्या जिल्ह्यातली अभिमानाची गोष्ट म्हणजे भारतातली ग्रामीण भागातली पहिली कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये बार्शीतच सुरू झाली. गावोगाव फिरून कॅन्सरची नोंद ठेवण्याचं काम इथल्या लोकांनी केलं.
- मुंबई: १९४१ मध्ये सुरू झालेलं टाटा मेमोरियल हॉस्पिटल आणि त्याचंच खारघरचं ॲक्ट्रेक केंद्र. इथे सर्जन, रेडिएशनचे डॉक्टर, केमोचे डॉक्टर आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून पेशंटचा प्लॅन ठरवतात. दूर राहणाऱ्यांसाठी 'नव्या' ही ऑनलाइन सेवा आहे. रिपोर्ट अपलोड करून तज्ज्ञांचं मत घरबसल्या मागवता येतं.

खर्चाचं काय? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं जुनं रूप २ जुलै २०१२ ला ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झालं त्यात सोलापूर होतं. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये 'आरोग्यमित्र' बसतो, भरती होण्याआधी त्याला भेटा. हेल्पलाइन १५५३८८. कॅन्सर पेशंटला उपचारासाठी रेल्वे प्रवासात सवलत मिळते, त्यासाठी हॉस्पिटलचं प्रमाणपत्र लागतं.

## तुमच्या फोनचा खरा उपयोग

घरात फोन सगळ्यात चांगला तुम्हाला वापरता येतो ना? मग ही कामं तुमची:

1. एमआरआयच्या फिल्मचा फोटो पाठवून थांबू नका. खिडकीला धरून काढलेला फोटो व्हॉट्सॲपवर आणखी खराब होतो. सेंटरकडून 'डायकॉम' फाइल मागा. सीडी, पेन ड्राइव्ह किंवा लिंक, कशातही मिळेल. सर्जनला शेकडो चित्रं एकामागून एक सरकवून बघायची असतात.
2. बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड जपा. दुसऱ्या हॉस्पिटलला दाखवताना तेच लागतात. नुसता कागदी रिपोर्ट पुरत नाही.
3. फिटचा व्हिडिओ काढा, पण आधी पेशंटला सांभाळा. कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवत बसू नका. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर १०८ ला फोन.
4. औषधांची वेळ फोनवर लावा. स्टेरॉइड आणि फिटच्या गोळ्या मनाने अचानक बंद करणं धोक्याचं आहे.
5. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून न्या:
   - गाठीचा संभाव्य प्रकार कोणता?
   - किती टक्के निघेल असं वाटतं?
   - न काढता ठेवावा लागेल असा भाग कोणता, आणि का?
   - कमजोरी येण्याची शक्यता किती?
   - नेव्हिगेशन आहे का? जागेपणी ऑपरेशनची गरज आहे का?
   - तुकड्यावर कोणत्या जनुकीय टेस्ट होतील?
   - रेडिएशन कधी आणि कुठे?

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हवा लागली की कॅन्सर पसरतो का?
नाही. ऑपरेशननंतर काही पेशंट लवकर खालावतात ते गाठ मुळातच आक्रमक असते म्हणून, किंवा पुढचे उपचार वेळेवर झाले नाहीत म्हणून. हवेचा काही संबंध नाही. या गैरसमजामुळे घालवलेले आठवडे मात्र गाठीला वाढायला मिळतात.

बिनटाक्याचं ऑपरेशन म्हणजे काय?
गॅमा नाइफसारखी यंत्रं खरं तर रेडिएशन देतात, त्यात चाकू नसतो. दुसरीकडून आलेल्या लहान गाठींसाठी ते फार उपयोगी आहे. पसरलेल्या मोठ्या ग्लायोमासाठी ते ऑपरेशनला पर्याय नाही, आणि त्यातून तपासायला तुकडाही मिळत नाही.

गाठ परत आली तर पुन्हा ऑपरेशन होतं का?
काही जणांचं होतं. जागा, पेशंटची तब्येत आणि पहिल्या ऑपरेशननंतर गेलेला काळ बघून ठरवतात. कधीकधी एमआरआयवर गाठ वाढलेली दिसते, पण तो रेडिएशनचा परिणाम असतो. म्हणून घाई करत नाहीत.

मोबाइलमुळे ब्रेन ट्यूमर होतो का?
२०११ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मोबाइलच्या लहरींना 'कदाचित कारणीभूत' या गटात टाकलं होतं. त्यानंतर भरपूर अभ्यास झाले. जागतिक आरोग्य संघटनेने करून घेतलेल्या आणि २०२४ मध्ये आलेल्या मोठ्या आढाव्यात मोबाइल वापर आणि मेंदूचा कॅन्सर यांचा संबंध आढळला नाही.

डोकं दुखतंय, मला ट्यूमर असेल का?
बहुतेक डोकेदुखी ट्यूमरची नसते. पण मोठ्या वयात पहिल्यांदाच फिट येणं, पहाटेची डोकेदुखी आणि उलट्या, एका हातापायातली ताकद जाणं, बोलताना शब्द न सापडणं, स्वभावात अचानक बदल, यातलं काही दिसलं तर डॉक्टरांकडे जाच. मांत्रिकाकडे किंवा नुसत्या पेनकिलरवर वेळ घालवू नका.

## थोडक्यात

मेंदूच्या कॅन्सरमध्ये सर्जरी ही बहुतेक वेळा पहिली पायरी असते, शेवटची नाही. तिने निदान पक्कं होतं, दाब उतरतो, गाठ कमी होते आणि रेडिएशन-केमोला काम करायला जागा मिळते. आक्रमक ग्लायोमात ती एकटी कॅन्सर संपवू शकत नाही, आणि चांगला सर्जन हे तुम्हाला ऑपरेशनआधीच सांगेल. त्यामुळे हॉस्पिटल निवडताना "गाठ पूर्ण काढाल का?" एवढंच विचारू नका. "काढल्यानंतर माणूस कसा असेल आणि पुढचा प्लॅन काय?" हेही विचारा.

ही माहिती समजून घेण्यासाठी आहे. निर्णय पेशंटला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या. आणि फॅमिली ग्रुपवर पुढच्या वेळी "हवा लागते" असा मेसेज आला, तर हा लेख तिथे टाकायला विसरू नका.